सरडा काट्यावर कोनं टांगला

माफ करा, माह्यं लिवनं कच्चं आहे. आठवीतच शाळा सुटली, अन् टायपिंग बी लय हळू होते.

आमच्या वांग्याच्या वावराले बाभळीचं कुंपण आहे. परवा आईले तिथं काट्यात खुपसलेला सरडा दिसला. शेजारच्या काकू म्हणे, "कोणीतरी करणी केली. पोरीले वावरात नेऊ नको." तवापासून मी घरातच आहे.

मले मालूम होतं, हे खाटीक पाखराचं काम आहे. बुलबुलाएवढं असते, डोळ्यावरून काळा पट्टा. पायात जोर नसते, म्हणून शिकार काट्याले अडकवून फाडते. उरलं तर तिथंच ठेवते. पण मोठ्या माणसायपुढं माह्या तोंडातून शब्द निघत नाही.

म्हणून आज सकाळी गुपचूप जाऊन व्हिडिओ काढला. पाखरू नाकतोडा काट्यात खुपसते, साफ दिसते. आईनं दोनदा पाहिला.

मंग म्हणे, "अवं, पण त्या पाखराले हे शिकवलं कोनं?"

काकू म्हणे, "पाह्य, म्या म्हटलं नव्हतं?"

आता न सांगता गेली म्हणून अंगणात बी जाऊ देत नाही. यायले कसं समजावू, सांगा ना कोणी.

आत्ताच फोन आला, अकोटच्या मावशीले पोरगी झाली. आई खुशीत आहे, आताच सांगून पाहू का?