घोंगडीवाल्याचं वाक्य

आमच्या निर्णा गावात ज्या घरात टीव्ही, त्या घरात एक सांगणारं माणूस लागायचं. केबल हैदराबादकडची, त्यामुळे कार्टूनचा चॅनल तेलुगूत. आम्ही पोरं घरात मराठी, शाळेत कन्नड आणि बाजारात दखनी बोलायचो. तेलुगू मात्र कुणालाच येत नव्हती. शेजारची अक्का औरादकडून, तेलुगू मुलखाच्या शिवेवरून, लग्न होऊन आलेली, तिला ती यायची. संध्याकाळी ती सुपात तूर घेऊन बसायची आणि पडद्यावर कुणी तोंड उघडलं की खडे वेचता वेचता आम्हाला मराठीत सांगायची.

कार्टून गंभीर होतं. अंधारं शहर, उंच इमारती आणि पाठीवर काळं कापड टाकून छपरांवरून धावणारा एकटा माणूस. त्या कापडाला काय म्हणतात ते आम्हाला ठाऊक नव्हतं. पण आमच्या गल्लीत मेंढरं राखणाऱ्यांची घरं बरीच, खांद्यावर घोंगडी टाकलेली माणसं रोजच्या बघण्यातली. म्हणून तो आमचा घोंगडीवाला. तो कधी हसायचा नाही. प्रत्येक एपिसोडच्या शेवटी छपरावर उभा राहून तो ओठ हलवायचा आणि अक्का म्हणायची, "ज्याच्या घराला दार न्हाई, त्याच्या घराला मी दार हाय." पुढे पुढे आम्ही सगळेच तिच्याबरोबर ओरडायला लागलो.

मी पत्रकांवर वाढले. अप्पा, म्हणजे माझे वडील, घरकुलांसाठी, मजुरीसाठी, पाण्यासाठी पत्रकं काढायचे आणि हुमनाबादच्या छापखान्यातून गठ्ठे घरी यायचे. उरलेल्या गुलाबी कागदांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. तरी लढायला तुला कुणी शिकवलं असं कुणी विचारलं असतं, तर मी अप्पांचं नव्हे, घोंगडीवाल्याचं नाव सांगितलं असतं. अन्यायासमोर गप्प बसायची वेळ आली की मला ते दाराचं वाक्य आठवायचं आणि मी बोलायचे. कॉलेजात बोलले, नोकरीतही बोलले, आणि त्याची किंमत आनंदाने मोजली.

अलीकडे तोच घोंगडीवाला नव्याने आला, विनोदी होऊन. डोकं कलिंगडाएवढं, पाय काडीसारखे. त्याची घोंगडी पंख्यात अडकते, पालीला भिऊन तो कपाटावर चढून बसतो. फोनवरचा आमचा चाहत्यांचा ग्रुप पेटला. "आमचं बालपण मातीत घातलं," असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने जुन्या घोंगडीवाल्याच्या फोटोला हार घालून श्रद्धांजली वाहिली. "लहान पोरांसाठी आहे, एवढं काय मनाला लावून घेता," म्हणणाऱ्याला सरळ ग्रुपमधून काढलं. मी एकाच बैठकीत निषेधाचं पत्रक लिहिलं आणि त्याच्या डोक्यावर ते दाराचं वाक्य ठळक टाकलं. पत्रक इतकं फिरलं की कलबुर्गीला चाहते जमणार होते तिथे सगळ्यांत आधी मीच बोलावं असं ठरलं.

आणि मग लातूरच्या एका चाहत्याने विचारलं, "हे वाक्य कुठल्या एपिसोडमध्ये आहे?"

मी लिहिलं, सगळ्याच.

त्याने तेलुगू, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांतल्या क्लिप टाकल्या. छपरावर उभा राहून आमचा घोंगडीवाला दोनच शब्द बोलतो. रात्र संपली. बस. ग्रुपवर हशा पिकला. "मॅडमनी नवा सीझन लिहिलाय." "मूळ कार्टून न बघताच निषेध!" कालपर्यंत माझं पत्रक पुढे पाठवणारेच हे लिहीत होते. पत्रकावर खोटं वाक्य टाकणारी मुलगी, अशी मी माझ्याच डोळ्यांना दिसायला लागले. ज्या वाक्याच्या भरवशावर मी इतकी वर्षं ताठ उभी होते, ते कुणी बोललंच नव्हतं. ते खोडायचं, की घेऊन कलबुर्गीला जायचं?

मी तडक अक्काकडे गेले. ती अंगणात तूरच निवडत होती.

"अक्का, घोंगडीवाला शेवटी काय म्हणायचा?"

"ज्याच्या घराला दार न्हाई—"

"तो तसं म्हणायचाच नाही. रात्र संपली, एवढंच म्हणायचा."

"व्हय की. एवढंच म्हणायचा." तिने सूप झटकलं.

"मग तू कामून असं सांगायचीस?"

"मंग काय सांगू? एवढा मोठा गडी, एवढी मारामारी करून छपरावर चढलाय, आन म्हणायलाय रात्र संपली! त्ये काय कोंबडा बी सांगतंय. तुमी पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसायलाव. जरा बरं काही द्यावं म्हणलं."

"पण हे वाक्य आणलंस कुठून?"

अक्का माझ्याकडे बघतच राहिली. "तुझ्या अप्पाचं न्हाई का त्ये? मी नवी नवरी हुते. घराला दाराच्या जागी पोतं बांधलेल्या लोकांसाठी त्येनी पत्रक काढलतं. बाजारात उभं राहून वाचायलते. मला वाचता कुठं येतंय? कानानंच घेतलं."

अप्पांची ती रीतच होती. पत्रक आधी मोठ्याने वाचायचं, मग हातात द्यायचं, म्हणजे ज्याला अक्षर येत नाही तोही काहीतरी घेऊन घरी जातो. ते पत्रक माझ्या जन्माआधीचं. ते अक्कापर्यंत कानाने गेलं, अक्काने ते घोंगडीवाल्याच्या तोंडी घातलं आणि तिथून ते शेजारच्या घरात, माझ्याकडे परत आलं. रात्री अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "लिहिलं असंल बाई. पत्रकं कोण ध्यानात ठेवतंय?"

दुसऱ्या दिवशी अक्काला फोनवर नवा घोंगडीवाला दाखवला. पंख्यात घोंगडी अडकली तशी ती इतकी हसली की सुपातली तूर सांडली. पालीचा प्रसंग तिने परत लावायला लावला. मी पत्रक लिहून ज्याचा निषेध केला होता, ते बघून मलाही हसू आवरेना. मग पूर आलेल्या वस्तीचा भाग आला. एक म्हातारी मदतीला हाक मारते, तिला दात नाहीत, आणि सगळा विनोद तिच्या बोबड्या बोलण्यावर. अक्का सांडलेली तूर सुपात भरायला लागली. "हे राहू दे. पुढचं लाव," म्हणाली.

मी पुढचं लावलं नाही. घरी येऊन जुनं पत्रक फाडलं आणि नवं लिहिलं. घोंगडीवाल्याला हसा, पोट धरून हसा. ज्याच्या अंगात एवढी ताकद आहे त्याला हसलंच पाहिजे. पण पुरात उभं राहून हाक मारणाऱ्या बाईला हसू नका. घोंगडीवाला गंभीरच हवा हा हट्ट मी सोडला, कारण तो हट्ट आमच्या आठवणींचे लाड करत होता. म्हातारीचा मुद्दा मात्र सोडणार नव्हते. डोक्यावर तेच वाक्य, तेवढंच ठळक.

कलबुर्गीला ज्यूसच्या दुकानावरच्या खोलीत चाहते जमले. मी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि आधी मोठ्याने वाचायला लागले. पहिल्याच ओळीला पुढच्या रांगेतून आवाज आला.

"मॅडम, एपिसोड नंबर सांगा की!"

"कुठल्याच एपिसोडमध्ये नाही," मी म्हणाले. "आमच्या शेजारच्या अक्कानं ते त्याला बोलायला लावलं. तिनं ते माझ्या अप्पांकडून घेतलं. पण वाक्य खरं आहे, म्हणून पत्रकावर राहील."

काही जण हसले. तेवढ्यात मागून भालकीची एक मुलगी उठली. "आमच्यात मामा सांगायचे तेलुगू. त्यांचा घोंगडीवाला शेवटी म्हणायचा, चला, जेवायला वाढा!" खोली हसून आडवी झाली. मग एकेकाचे मामा, काका, अक्का निघायला लागले. पुढच्या रांगेतला मघाचा तोच हळूच म्हणाला, "आमच्यात कुणी सांगणारंच नव्हतं."

मी पत्रक शेवटपर्यंत वाचलं, मग हातोहात वाटून टाकलं. निम्म्यांनी सही केली. निम्म्यांना घोंगडीवाला गंभीरच हवा होता, ते पत्रक घेऊन तसेच गेले. घेऊन गेले, एवढं मला पुरलं.

परतीला हुमनाबादच्या स्टँडवर गाडी बदलताना अक्काचा फोन आला.

"वाचून दिलीस, का नुसतंच वाटलीस?"

"आधी वाचलं, अक्का."

"मंग बरं केलीस," ती म्हणाली. "आन त्या पालीचं पुढं काय झालं? आल्या आल्या लाव."