पाट लावला

सिंदेवाहीच्या वाचनालयात मी इतकी वर्षं बसते आहे, पण दुपारी येणाऱ्या बायकांचं मागणं काही बदललं नाही. "बाई, रडवणारं द्या एखादं." मी देते. पगार त्याचाच मिळतो. देताना माझं तोंड वाकडं होतं हे त्यांनाही माहीत आहे आणि त्या मला हसतात.

मला राग त्या बायकांचा नाही, पुस्तकांचा आहे. प्रत्येक पुस्तकात एक घर आणि त्या घरात एक गुपित. मावशी म्हणून वाढवते तीच खरी आई निघते. मेला म्हणून ज्याचे दिवस घातले तो शेवटून दुसऱ्या प्रकरणात दाढी वाढवून दारात उभा. मग सगळे एकमेकांच्या गळ्यात पडतात. सिनेमाही तसलाच, फक्त पाऊस जास्त. अरे, पण असलं घर आहे कुठे? आमच्या गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते वळणावरूनच कळतं. तिथं कसलं डोंबलाचं गुपित! सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. फक्त कोणी बोलत नाही, कारण बोलून कुणाचं भलं होत नाही. पुस्तकवाल्यांना हा साधा फरक कळत नाही, आणि आमच्या घरात एक सिनेमावाली निघाली, तिलाही कळला नाही.

आमच्या घरातली न बोललेली गोष्ट मी इथं सांगून टाकते. आता ती ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आहेच, मीच कशाला तोंड बंद ठेवू?

माझ्या मायचा पहिला नवरा बांबू तोडायच्या कामाला भामरागडकडे गेला आणि पुरात नाला ओलांडताना वाहून गेला. प्रेतही मिळालं नाही. मी तेव्हा मायच्या कडेवर होते. पुढं वर्षभरानं मायनं पाट लावला. आमच्याकडे बाईचं पहिलं होतं ते लग्न आणि नवरा गेल्यावर दुसरं होतं तो पाट. त्यात वाजंत्री नसते, वरात नसते. गावची चार जाणती माणसं बसतात, नवं लुगडं नेसवतात, हिरव्या बांगड्या भरतात, डाळभात होतो, झालं. त्यात लपवण्यासारखं काही नसतं आणि मिरवण्यासारखंही नसतं. ज्याच्याशी मायनं पाट लावला त्या माणसाला मी बोलायला लागल्यापासून बाबा म्हणते. शाळेत माझ्या नावापुढं त्यांचं नाव लागलं. माझं लग्न त्यांनी लावलं, गावातच दिलं, पोरगी नजरेपुढं राहावी म्हणून. पाटानंतर मला धाकटा भाऊ झाला होता. तो शिकला आणि पुण्याला गेला.

त्याची पोरगी म्हणजे ही सिनेमावाली. माझी भाची. पुण्यात जन्मली, पुण्यात वाढली, सिनेमाचं शिक्षणही तिथंच. मला 'आत्तू' म्हणते. ऐकलं की कुणीतरी लहान पोराला बोलावतंय असं वाटतं. माय जिवंत होती त्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे येऊन राहिली आणि रोज मायच्या तोंडासमोर मोबाइल धरून बसायची. "आजी, नॅचरल बोल ना." मायला तरी कोण विचारत होतं इतक्या वर्षांत? ती खूश होऊन बोलायची. मी म्हटलं, बोलू दे बिचारीला. पुढच्या थंडीत माय गेली.

मग पिक्चर तयार होऊन आला. अर्ध्या तासाचा. भाचीला तो आधी आजीच्याच गावात दाखवायचा होता, मातीशी नातं वगैरे काहीतरी म्हणत होती. शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी पांढरी चादर बांधली. बाबांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली. ते धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून बसले होते. आपल्या बायकोवर पिक्चर निघाला म्हणून आठवडाभर गावात सांगत फिरले होते.

काय पाहिलं ते सांगते. पडद्यावर गोरीगोमटी बाई. तिचा नवरा पुरात जातो. घरचे तिला एका दारुड्याच्या गळ्यात बांधतात. आणि ती बाई रोज सकाळी चुलीजवळ एक पाट ठेवते. बसायचा पाट! शिसवी, पितळेची फुलं ठोकलेला. त्याच्याभोवती रांगोळी काढते, समोर ताट वाढते आणि त्या मेलेल्या नवऱ्याची वाट पाहत बसते. दुसरा नवरा दारू पिऊन येतो आणि लाथेनं पाट उडवतो. ती पुन्हा ठेवते. पुन्हा लाथ, पुन्हा पाट. म्हातारी होऊन मरते तेव्हा तिची पोरगी माळ्यावरचा पाट काढून छातीशी धरते. खाली अंधार, वर बासरी.

हॉलमध्ये बाया पदर तोंडाला लावून हुंदके देत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आमच्या घरात पाट नव्हताच हो! आम्ही पोत्यावर बसून जेवत होतो. आणि माझ्या बाबांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नाही. चहात साखर जास्त झाली तरी त्यांना झोप येत नाही.

आम्ही घरी आलो. दारात चपला काढता काढता बाबा म्हणाले, "आपल्या घरी पाट होता का वं?"

"नव्हता बाबा. तिच्या मनचं आहे ते सगळं."

"मी तं दिवसभर वावरात राहो," ते म्हणाले. "घरी ती काय करे, मले काय मालूम."

तेव्हा मला भीती वाटली. मायशी केलेला संसार, एवढीच त्या माणसाची कमाई होती. माय असती तर तिनं एका शिवीत विषय संपवला असता. ती नव्हती. म्हातारा आता विचारणार कुणाला? पन्नास वर्षं आपल्याबरोबर राहिलेली बाई मनानं कुठं होती, हा किडा त्या पोरीनं त्यांच्या डोक्यात सोडला होता. ते रात्री अर्ध्या भाकरीवर उठले.

सकाळी भाची ओसरीवर पोहे खात बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले.

"काऊन वं, हे पाटाचं तुले कोनं सांगितलं?"

"आजीनंच," ती म्हणाली. "अगं आत्तू, तिचेच शब्द आहेत. 'तो गेला. वरीसभर मी मुकी होती. मंग मी पाट लावला.' मला इतकं भरून आलं ना ते ऐकून. किती साधेपणानं म्हणाली!"

मी खाली बसले. मला आधी हसू आलं, मग संताप आला, मग दोन्ही एकदम.

"अवं, पाट लावला म्हंजे काय समजली तू?"

"म्हणजे पाट मांडला ना? आमच्याकडे मांडला म्हणतात. मला वाटलं, इकडची बोली आहे. लावला."

कपाळ माझं! बोली आहे म्हणे. बोली आहे एवढं कळलं, तर त्याचा अर्थ विचारायला तोंड नव्हतं का? घरभर माणसं होती. बाप पुण्यात बसला होता, त्याला फोन करायचा. पण नाही. खेड्यातली म्हातारी काय, एवढंच म्हणणार. बाकीचं आपण शहाण्यांनी समजून घ्यायचं.

बाबा खाटेवर बसून ऐकत होते. त्यांच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. "अवं पोरी! पाट माह्यासंग लावला तिनं! माह्यासंग!" आणि ते हसायला लागले. खोकला आला तरी हसतच होते. "बसाचा पाट म्हन्ते, मायबाई!" मला म्हणाले, "चहा ठेव वं, माह्यासाठी बी." त्या सकाळी मला माझा बाप परत मिळाला असं वाटलं.

पोरीचं तोंड उतरलं. खोटं कशाला बोलू, तिला खरंच वाईट वाटलं. तिनं बाबांच्या पायाला हात लावला. मी म्हटलं, "वाईट वाटून भागत नाई. ते काढून टाक पिक्चरमधून. अन् तो दारुड्या बी काढ."

तिनं बराच वेळ बशीतल्या पोह्यांत चमचा फिरवला. "आत्तू, पाट काढला तर उरतं काय?"

"माहा बाप उरते."

"तसं नाही गं. म्हणजे... एक बाई नवरा गेल्यावर दुसरं लग्न करते आणि सुखानं नांदते. यात गोष्ट कुठे आहे?"

ऐका! माझ्या मायनं उभा जन्म जे निभावलं, त्यात हिला गोष्टच दिसेना. बाई झुरली तर गोष्ट. बाई उठून उभी राहिली, दुसऱ्याच्या वावरात धानाच्या रोवणीला गेली, पोरांना वाढवलं, नवऱ्याशी भांडली आणि त्याच्याच शेजारी निजली, तर ती गोष्ट नाही. आणि ज्या आज्याला हिनं पडद्यावर लाथा मारायला लावल्या, तो नसता तर हिचा बाप कुठून आला असता? मी हे सगळं तिला तोंडावर बोलले. जरा जास्तच मोठ्यानं बोलले. ती म्हणाली, "यात आजोबांचं नाव कुठेच नाही, आत्तू. हे फिक्शन आहे."

"मंग मायचं ते रेकॉर्डिंग तरी दे. पूर्ण काय बोलली ते बुढ्याले आयकू दे."

"ते नाही राहिलं गं. फोन बदलला मध्ये."

बघते, विचार करते, असं म्हणून ती गेली. पुढं महिन्याभरानं तिचा मेसेज आला. पिक्चर मोबाइलवर सगळ्यांसाठी खुला केला होता. वर मोठा फोटो, तोच पाट, तीच पितळेची फुलं. खाली लिहिलं होतं, 'लोक खूप रडताहेत आत्तू.' मी उत्तर दिलं नाही. जे लिहावंसं वाटत होतं ते वाचनालयातल्या बाईनं लिहू नये.

आणि मग लोक यायला लागले. चिमूरहून दूरचे पाहुणे आले, वडशाहून आले. बाबांपुढं हात जोडायचे. "तुमची बुढी सती सावित्री होती, भाऊ. असं प्रेम आता कुठी रायलं?" बाबा सुरुवातीला हसून सांगायचे, "पाट माह्यासंग लावला तिनं. तो बसाचा नोहे." पोट्ट्यांना तो शब्दच ठाऊक नाही, ते आता दुसरं लग्न म्हणतात. मोठ्यांना ठाऊक आहे, पण ते मान हलवायचे, म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्याला हलवतात तशी. एकजण तर निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "मनाले लागलं बुढ्याच्या. जपा जरा." मी त्याला चहा न देता वाटेला लावलं.

तरीही बाबा टिकून होते. त्यांना खचवलं ते शेजारच्या बुढीनं.

ही बुढी मायच्या बरोबरीची. पाटाच्या दिवशी मायच्या हातात बांगड्या भरल्या त्या हिनंच. गावात तो दिवस पाहिलेली ती एकटीच उरली आहे. ती दुपारी येऊन बसली तेव्हा बाबांना कोण आनंद झाला. "सांग वं बाई, हिले सांग," ते मला दाखवून म्हणाले. "तू तं होती. पाट कोनासंग लावला?"

"तुमच्यासंगच, भाऊ," ती म्हणाली. "म्याच तं बांगड्या भरल्या." मग जरा थांबून म्हणाली, "पन तो पाट बी म्या पायला. चुलीपाशी राहे. पितरेची फुलं होती त्याले. आमाले वाटे, बसाले असन."

मी ओरडलेच. "काय बोलता बाई? आमच्या घरी पाट कुठी होता? पोत्यावर बसून जेवलो आमी!"

"पोते बी होते, माय. पाट बी होता. म्या पायला ना माह्या डोयानं."

ती खोटं बोलत नव्हती. हेच तर वाईट होतं. तिच्या नातवानं तिला तो पिक्चर मोबाइलवर इतक्यांदा दाखवला होता की पडद्यावरचा पाट तिच्या आठवणीत जाऊन बसला होता. ती डोळे पुसत मायचं कौतुक करत राहिली आणि मला तिला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटत होतं. बाबा तिच्याकडं पाहत होते.

माय गेल्यापासून बाबांचं जेवण मीच करून देते. त्या संध्याकाळी मी ताट वाढलं. ते जेवत होते, मी समोर बसले होते.

"तू तं घरीच राहे," ते म्हणाले. "तुवं पायला का?"

"नाई बाबा. तुमची शपथ. नव्हताच तो. त्या बुढीचं नका आयकू, तिनं मोबाइलमधी पायला."

त्यांनी घास चावून गिळला. आवाजात राग नव्हता. उलट मला समजून घेतल्यासारखे बोलले. "तू नाईच म्हनशील. तुले कसं सांगता येईन? तुहा बाप होता तो."

नाव लावलं, शाळेत घातलं, लग्न लावलं, पण हा शब्द त्यांनी माझ्यासमोर कधी दुसऱ्या माणसासाठी वापरला नव्हता. मी भाताचा चमचा घेऊन पुढं झाले, तर त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"राहू द्या," ते मला म्हणाले. दे नाही, द्या.