सूप प्यायला बारमध्ये

विट्याच्या स्टँडवर सासूनं माझ्या कडेवरून धाकट्याला काढून घेतलं, तेव्हा तो रडला नाही. मीही रडले नाही. तो शेंगदाणे खात होता. थोरली सुनीता खांबाला टेकून उभी होती, माझ्याकडं बघत नव्हती. सासू म्हणाली, "आधी नवरा उभा कर, मग पोरं ने. तवर ती हितंच राहतील." गाडी सुटली.

आपल्या भागातली निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली आहेत. त्यामुळं बाहेर गेलेल्या बायांना ही गाडी काय असते ते सांगायला नको. मी लिहिते आहे ते मागं राहिलेल्यांसाठी. गावात अजून म्हणतात की शालन तंजावरात बारमध्ये जाऊन बसायची. बसायची. का बसायची तेवढं ऐकून घ्या.

नव्वद सालाच्या पुढची ती वर्षं. सोन्यावरची बंधनं सैल झाली होती, तंजावरात दर महिन्याला नवी पेढी उघडायची आणि सोनारांकडून आमच्या भट्टीवर दुप्पट काम यायचं. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, दिवसरात्र आम्लाच्या धुरात उभे असत आणि चहावर जगत. मी स्टेशनात उतरले तेव्हा मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा तरी सदरा घालून हा माणूस न्यायला आलाय. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन महिने भट्टीपाशी जायचं नाही. रोज अंडी आणि हाडांचं सूप." भट्टीवर गडी ठेवला. गावाकडं थोरल्या दिरांनी सांगून टाकलं होतं की उन्हाळ्यापर्यंत सुधारणा नाही तर दुकान विकून परत यायचं. म्हणजे पुन्हा ती दुष्काळी जमीन, आणि तिच्यावर दोन भाऊ.

राहायला राजवाड्याजवळच्या गल्लीत एक खोली होती. घरमालकीण रमाकाकू आपल्याच भाषेतल्या. त्यांची माणसं मराठी राजांच्या काळात इकडं आलेली. काकूंना मराठी वाचता येत नसे, पण बोलणं असं की एखादी जुनी पोथी उघडावी. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुम्हांस जागा दिली, तुम्ही आपले म्हणून. पण अंडें, मांस, सुकें मासें उंबऱ्याच्या आंत येऊं नयेत."

झालं. भाषा आपली, पण चूल आपली नाही. औषध बाहेरच शोधायचं होतं, आणि मटणाच्या गाड्या दिवे लागल्यावरच लागायच्या. मी उभ्या जन्मात हॉटेलात बसून खाल्लं नव्हतं. बाई चारचौघांत तोंड हलवते म्हणजे काय, असं आमच्या घरचं वळण. ते मी दोन दिवसांत सोडलं.

आम्ही रोज रात्री एकेक गल्ली धरायचो. बाजाराच्या कोपऱ्यावर केळीच्या पानावर इडल्या मिळायच्या, मऊ आणि गरम, पण त्यानं अंगात काय भरणार? पुढं एकजण तापल्या तव्यावर मैद्याचे परोट्टे आणि अंडी दोन लोखंडी पात्यांनी खडाखडा तोडायचा. तो आवाज मालकांना आवडायचा, सोनाराच्या हातोडीसारखा लागतो म्हणायचे. पण दोन घास खाल्ले की खोकला. एका ठिकाणी तिळाच्या तेलाच्या वासानंच ओकारी झाली. महिना असाच गेला. मी मात्र जाड झाले. त्यांनी टाकलेलं वाया कशाला घालवायचं?

एका रात्री मासळीबाजाराच्या मागून येताना मिऱ्याचा आणि उकळत्या हाडांचा वास आला. मालक थांबले. महिनाभरात वासानं थांबले ते पहिल्यांदा. वास दारूच्या दुकानामागून येत होता. तेव्हा ही दुकानं खाजगी लोकांची असत आणि मागं झावळ्यांच्या छपराखाली बार. तोंडाशीच सेल्वी नावाची एक काळीसावळी बाई मोठ्या पातेल्यात सूप ढवळत होती. मी दोन बोटं दाखवली.

ती म्हणाली, "अक्का, इथं बसायला जागा नाही. त्यांना आत पाठव, तू माझ्यापाशी उभी राहा." तोवर तमिळ एवढं समजायला लागलं होतं.

"आत दारू आहे. नवरा एकटा आत सोडायला मी एवढ्या लांब आले नाही," मी म्हणाले आणि गेले आत.

एकानं ग्लास टेबलाखाली लपवला, जशी काही त्याची आईच आली. दुसरा म्हणाला, "अम्मा, देऊळ पलीकडच्या रस्त्याला आहे."

"देवळात सूप देतात का?" मी विचारलं.

तिथं जे हसले ते हसले. आम्ही कोपऱ्यात बसलो. स्टीलच्या पेल्यात सूप आलं, वर मिरपूड आणि कोथिंबीर. मालकांनी कपाळाचा घाम पुसत पेला संपवला आणि पोटात राहिलं. मी दुसरा मागवला.

आम्ही रोज जायला लागलो. आठ दिवसांनी बारवाला माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला. "अम्मा, तुम्ही आलात की लोक शिव्या देत नाहीत, गाणी म्हणत नाहीत, एकाच ग्लासावर उठतात. माझा धंदा बसेल." त्यानंच सेल्वीच्या चुलीशेजारी आमच्यासाठी एक बाकडं टाकलं. पिऊन बाहेर पडणारे आता आम्हांला बघून सरळ चालायचा प्रयत्न करायचे. सेल्वी मला वाटण शिकवायची, मी तिला माझ्या तमिळनं हसवायचे. मालक सूपवरून कलेजीवर आले.

तेवढ्यात आपल्यातल्याच कुणीतरी त्या गल्लीत आम्हांला पाहिलं आणि गावात बातमी पोचवली. एसटीडी बूथवरून फोन लावला तर सासू म्हणाली, "बारात बसणाऱ्या बाईकडं मी पोरं धाडायची न्हाई," आणि ठेवला. मला एक शब्दही बोलू दिला नाही. ती रात्र मी झोपले नाही. नवरा सुधारतोय आणि पोरं जातायत, हा कुठला न्याय?

चार दिवसांनी थोरले दीर न कळवता आले. आम्ही बाहेर होतो. त्यांनी काकूंना विचारलं, ही दोघं रात्रीची कुठं असतात. काकूंनी काहीतरी झाकून सांगितलं असतं तर आम्ही संपलो होतो. काकू म्हणाल्या, "बारांत. नवऱ्यास सूप पाजावयास नेते ती. माझे घरीं शिजूं देत नाहीं मी. दोष द्यावयाचा तर माझ्या चुलीस द्या." आणि कंदील घेऊन स्वतः त्यांच्याबरोबर निघाल्या. मटणाच्या वासाच्या त्या गल्लीच्या तोंडापर्यंत, नाकाला पदर लावून आल्या आणि मग परतल्या.

मी दिरांना बघितलं आणि डोक्यावर पदर घ्यायचंसुद्धा सुचलं नाही. ते माझ्याकडं बघतच नव्हते. त्यांचा भाऊ दुसरा परोट्टा तोडत होता.

"बाळ्या," ते म्हणाले, "गालावर मास आलं की रं."

"बस दादा. सूप घे."

दीर बाकड्याच्या टोकाला बसले. आतून एक गडी बाहेर आला, मला "वणक्कम अम्मा" म्हणाला आणि भिंतीला धरून चालायला लागला. दिरांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"तुला समदी वळखत्यात व्हय हितं?"

"होय. त्यांचं पिणं कमी झालं माझ्यामुळं," मी म्हणाले. "आता पोरांचं काय ते बोला."

त्यांनी पेला संपवला, डोळ्यांतलं पाणी उपरण्यानं पुसलं. "लई तिखट हाय. आईला मी सांगतो. परीक्षा झाली की घेऊन येतो."

आणि आणली. सुनीता स्टेशनात माझ्यापासून चार हात लांब उभी राहिली, मग घरी पोचेपर्यंत तिनं माझा पदर सोडला नाही.

त्यालाही आता तीसेक वर्षं होतील. पुढं सरकारनं दारूची दुकानं स्वतःकडं घेतली आणि तो बार गेला. सेल्वीनं मुख्य रस्त्यावर खानावळ काढली. काकू शेवटच्या आजारात आमच्या नव्या घरून नेलेला माझ्याच हातचा गुरगुट्या भात खायच्या, अंड्याचं भांडं वेगळं ठेवलंय ना हे रोज विचारून. मालकांची छाती हिवाळ्यात अजून धरते, पण भट्टी मुलाकडं आहे आणि त्यानं धुरासाठी मोठा पंखा बसवून घेतला आहे. सुनीताची पोरं मराठीत ऐकतात आणि तमिळमध्ये उत्तर देतात. मी रागावत नाही. ऐकतात तेवढं पुष्कळ.

गेल्या जत्रेला आम्ही दोघं गावाला आलो होतो. पालखी झाली, माहेरच्यांना भेटले, सगळ्यांनी खूप केलं. पाचव्या दिवशी सकाळी भाकरी थापताथापता मी बोलून गेले, "आता घरी जायला हवं बाई." जाऊबाईंचा हात परातीत थांबला. माझ्याही ध्यानात आलं, मी कुठं बसून काय म्हणाले ते. सोप्यात दीर बसले होते, ऐंशीला टेकलेले, कानांनी कमी, पण नेमकं तेवढंच ऐकलं त्यांनी.

"मग जा की," ते ओरडले. "तुला थांबवून कवा कुणाचं भलं झालंय?"

मी हसले, आणि तव्यावरची भाकरी उलटली.