न चढलेली पहाडी

मी पहाडी चढलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं.

तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि मी मुलचेऱ्याकडच्या जंगलात नाकेदार, म्हणजे वनरक्षक, होतो. चाळिशी उलटलेली, गुडघे कुरकुरू लागलेले. दर वैशाखात रेंज ऑफिसला अहवाल पाठवावा लागे: उन्हाळ्याचं पीक कसं, आग कुठे लागली, रानकोंबड्या किती. हिवाळ्यात शिकारीचे परवाने कुठे द्यायचे ते त्यावरून ठरे. आमच्याकडे उन्हाळ्याचं पीक म्हणजे मोह. पहाटे फुलं गळतात, ती वेचायची, वाळवायची, आणि पावसाळ्यात घरातलं धान संपलं की तीच उकडून खायची. वाळल्या पाल्यात फुलं हरवू नयेत म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळत. नेमकी त्याच दिवसांत रानकोंबडी पाल्यात अंडी घालते. पाला पेटला की तीही जातात.

त्या वर्षी नाक्याच्या खाटेवरून मला पहाडीवर धूर दिसला. ऊन मरणाचं होतं. मागच्या वर्षीचा अहवाल समोर पडला होता. त्यातलं वाक्य मी जसंच्या तसं उतरवलं: गावकऱ्यांनी मोहाखाली आग लावली, अंडी जळाली, रानकोंबड्या उरल्या नाहीत. खाली सही केली आणि कूस बदलली.

मृगात हुकूम आला. पुढच्या हंगामापासून या पहाडीवर गावाला मोह वेचायला बंदी.

हुकूम वाचून दाखवला त्याच दुपारी एक गोंड बाई नाक्यावर आली. वयाने माझ्याहून मोठी, विधवा. पहाडीवरचे सगळ्यात मोठे दोन मोह तिच्या घराच्या वाट्याचे. हातात खराटा होता. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"नाकेदार भाऊ, तू पहाडीवर कवा आलता?"

"धूर दिसला ना बाई मले."

"धूर! अख्खं गाव महिनाभर मोहाखाली राह्यते. चूल नाई पेटवाची का? का तुह्या नाक्यावर जेवाले येवाचं साऱ्याईनं?"

मग तिने सांगितलं. आदल्या वर्षी धानावर अळी पडली, तेव्हा रानकोंबड्या पहाटे खाली उतरून अळी टिपताना तिने पाहिल्या होत्या. म्हणून यंदा ती घरोघरी फिरली. आग लावायची नाही, पाला खराट्याने सारायचा. लोकांनी तिला वेडी म्हटलं, कंबरा मोडल्या म्हणून शिव्या दिल्या, पण झाडलं. तिने तळहात माझ्यापुढे धरले. घट्टे अजून होते.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "साहेबाचा हुकूम आहे बाई. माह्या हातात काई नाई."

"हुकूम साहेबाचा. पन लिवलं कोनं?"

मी पाण्याचा गडवा उचलला आणि आत निघून गेलो. त्यानंतर पावसाळाभर त्या गावातून जाताना सायकलवरून उतरलो नाही.

आश्विनात रेंजरसाहेब स्वतः आले. शिकारीचा हंगाम उघडण्याआधी त्यांना पीक आणि पक्षी डोळ्यांनी पाहायचे होते. वाटेतल्या गावांमध्ये अळीने धानाच्या लोंब्या कुरतडून चिखलात पाडल्या होत्या. आमच्या पहाडीखाली मात्र लवकर पिकणारं हलकं धान लोंब्यांच्या भाराने वाकलं होतं. साहेब बांधावर थांबून नुसते बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पक्ष्यांची मोजणी बाईनेच लावली. फटफटायच्या आत तिने बांधाबांधावर माणूस बसवला, प्रत्येकाजवळ पानाचा द्रोण आणि ओंजळभर मोहाच्या बिया. एक पक्षी उतरला की एक बी द्रोणात.

उजाडलं आणि पहाडी आरवू लागली. आधी वर एक कोंबडा, मग नाल्याच्या अंगाने दुसरा, मग किती ते कळेना. लाल-सोनेरी कोंबडे माना उंच करून खाली आले, त्यांच्यामागे मातकट कोंबड्या, आणि यंदाची तरणी पिलावळ. सगळे धानात शिरले. द्रोण भरत गेले.

शेजारच्या बांधावरून एक म्हातारा कुजबुजला, "बिया सरल्या ना बाई!"

"मंग खडे घे. कोंबड्या थांबतीन का तुह्यासाठी?"

साहेब हसू लागले. "नाकेदार, तुमच्या जळलेल्या कोंबड्या चालतात मात्र झकास!"

माझ्या जिभेवर सबब आलीच होती: दुसऱ्या जंगलातून आल्या असतील. एवढ्यात समोर एक कोंबडी उशिरा निघालेली मुठीएवढी पिल्लं घेऊन उतरली. पिल्लं बांध ओलांडतानाच धडपडत होती. दुसऱ्या जंगलातून ती येणार कशी?

"आग लागलीच नव्हती, साहेब," मी म्हणालो. "मी पहाडी चढलो नाही. मागच्या वर्षीचं उतरवलं."

साहेबांचं हसू थांबलं. तिथेच बांधावर त्यांनी माझ्याकडून नवा अहवाल लिहून घेतला आणि साऱ्या गावासमोर वाचायला लावला. 'बंदी उठवावी' हे शेवटचं वाक्य आलं आणि लोकांनी असा गलका केला की धानातल्या कोंबड्या भर्रकन उडून पहाडीवर गेल्या. गावातून कुणीतरी धावत जाऊन ढोल आणला. त्या गलक्यात बाई साहेबांना म्हणाली, "बंदुकवाल्याईले सांगून देजा साहेब, ह्या कोंबड्या आमच्या कामावर आहेत."

त्या हिवाळ्यात पहाडीवर शिकारीचा एकही परवाना निघाला नाही. बंदी उठली. मला ताकीद मिळाली, तीही कमीच होती.

पण तिला मी काहीच बोललो नव्हतो. साहेबांपुढे खरं बोललो ते कोंबड्यांनीच बोलायला लावलं. तिने तळहात पुढे धरले तेव्हा पाठ फिरवली होती, ती तशीच होती.

चैत्र लागला. एका पहाटे मी ती पहाडी पहिल्यांदा चढलो. दोनदा बसलो, पण चढलो. बाई आपल्या मोहाखाली पाला सारत होती. टपटप फुलं पडत होती. मी खराटा मागितला.

"तुले जमन का?"

"पाहू."

मी झाडू लागलो. झुडपाजवळ आलो तशी तिने माझं मनगट धरलं. पाल्यात चार अंडी होती. "तेवढं राहू दे," ती म्हणाली. मी तेवढा पाला सोडून बाकीचा सारला, आणि खराटा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"बाई, तुम्ही झाडलं अन् मी लिहिलं, तुम्ही जाळलं म्हणून. तुम्ही विचारलं तवा पाठ फिरवली. चुकी माही आहे. मले माफ करा."