पेंढ्याचं रेडकू

दुधात पाणी पडू नये म्हणून शाहूपुरीत म्हैसच दारात आणून समोर दूध काढून घ्यायची पद्धत होती. बाकीच्या बायका गवळ्याच्या हातांवर डोळा ठेवून उभ्या राहत. आमची आई रेडकाकडं बघत राही. गवळी त्याला कासेला दोन ढुशा मारू देई आणि म्हशीनं पान्हा सोडला की ओढून आमच्या खिडकीच्या गजाला बांधी. मग ते जे ओरडे, त्यानं आईचं स्वयंपाकात लक्ष लागत नसे.

"अरं, पिऊ दे की त्याला पोटभर."

"वैनी, रेडा हाय त्यो. मोठा करून काय हापिसात चिकटवायचाय?"

आमचे आबा शाळामास्तर. वर्गात कुणी ऐकत नसे, म्हणून घरी शिकवत. तोंडाला दाढीचा साबण लावून ते दारात येत. "अगं, जनावराला मन नसतं. दुःख व्हायला विचार लागतो." म्हैस रवंथ करत ऐकून घेई. एवढी शांत विद्यार्थिनी त्यांना शाळेत कधी मिळाली नसावी.

"मला विंचू चावला तवा मी काय विचार करत बसलेलते व्हय?" आई विचारी. पण आबांना शेवटचा शब्द लागे, आणि चहाला दूध लागे.

रेडकाच्या बरगड्या दिसायला लागल्या. आई भाकरी चारायला जाई, पण ते दूधपितं पोर नुसती तिची बोटं चोखी. एके सकाळी ते आलंच नाही, आणि त्याच्यावाचून म्हैस पान्हा सोडेना. काही दिवसांनी गवळी त्याच्याच कातड्यात पेंढा भरून घेऊन आला. एक पाय वर, एक कान खाली, पोटाच्या शिवणीतून काड्या बाहेर. ते बेंगरूळ सोंग पाहून आम्ही पोरं खो खो हसलो. म्हशीनं मात्र ते हुंगलं, चाटायला लागली, आणि चाटता चाटता पान्हा सोडला. मला एकदम रडूच आलं.

आबा सवयीनं सुरू झाले, "बघा, खरं-खोटंसुद्धा कळत न्हाय तिला..."

"मन न्हाय, तर हे सोंग कुणासाठी आणलंय?" आई कडाडली. "तिला माया हाय हे ह्याला पक्कं ठाऊक हाय. त्या मायेवरच ह्याचा धंदा चाललाय, अन् तुमचा चहा बी!"

आबांच्या तोंडावरचा साबण वाळून गेला. त्या दिवशी ते कोरा चहा प्यायले आणि तोंड वाकडं करत "बरा लागतोय" म्हणाले.

पुढं म्हैस पुन्हा व्याली. पुन्हा रेडाच. गवळी त्याला ओढायला लागला तसा आबांनी दोरावर पाय दिला.

"त्याचं होऊ दे आधी."

"मास्तर, दूध कमी मिळंल मग."

"कमी घेऊ की."

गवळी कपाळाला हात लावून पायरीवर बसला. आई रिकामं भांडं मांडीवर घेऊन शेजारी बसली. रेडकू काही घाई करेना, आणि आबा उभ्या नोकरीत पहिल्यांदाच शाळेला उशिरा गेले.