दारात माणूस आलं की

धरणगावात आमच्या शेजारी राहणारे नाना दारात माणूस आलं की उठून उभे राहत. मग तो तालुक्याचा अधिकारी असो की कल्हईवाला. कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झाले, सत्तरी ओलांडली, तरी तेच. बसा म्हटलं की म्हणत, "घरमां मानूस उना आनि मी बठेल राहू?"

एकोणीसशे नव्वदच्या आसपास मधुमेहाने त्यांच्या पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडली. धुळ्याच्या एका दवाखान्यात डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. मी जळगावला वृत्तपत्रात होतो. घरी सोडण्याच्या दिवशी तिथे पोचलो. डॉक्टर त्यांच्या मुलाला, रमेशला, सांगत होते, "ऑपरेशन झालं म्हणून निर्धास्त राहू नका. या वयात पाय काढल्यावर पुढचे महिनेच अवघड. झोपून राहिले तर छाती भरते, हृदय थकतं. त्यांना उठवा. दुसरा पाय जपा."

रमेशने एवढंच ऐकलं की वडील जाऊ शकतात. त्याने ओट्यावरची खाट मागच्या खोलीत नेली आणि भेटायला येणाऱ्यांना मनाई केली. माणूस दिसलं की नाना उठणार, पडणार. सून घास भरवायची. नाना भिंतीकडे तोंड करून पडून असत.

पुढच्या खेपेला गेलो तेव्हा त्यांचा श्वास घरघरत होता. औषध सुरू होतं. त्यांच्या पत्नी, अक्का, मला म्हणाल्या, "भाऊ, मांगे चाल."

रमेश आडवा आला. "माय, पडी गयात तं?"

"पडनात तं धरसूत. खाटवर मरनात तं काय धरशी?"

मी आत गेलो. नानांनी पाहिलं आणि खाटेचा दांडा धरला. रमेशने धावत येऊन बगलेत हात घातला. नाना एका पायावर उभे राहिले.

"बठ ना आता," ते धापा टाकत म्हणाले. "तू बठशी तवय मी बठसू."

मी घाईने बसलो.

दुसऱ्या दिवसापासून अक्कांनी गल्लीतली माणसं एकेक करून आत सोडली. "बठ्ठा जन एकदम नका येऊ रे," त्या दारातून दटावत. प्रत्येकासाठी नाना उठत. छातीतली घरघर ओसरली. पुढे कुबड्या आल्या, खाट पुन्हा ओट्यावर आली. उजव्या पायाची बोटं रमेश रोज सकाळी उजेडात तपासायचा.

नानांनी आणखी काही वर्षं काढली. मग हृदयाने दगा दिला. निरोप मिळताच मी जळगावहून निघालो. ओट्यावर पोचलो तेव्हा त्यांना जमिनीवर निजवलेलं होतं.

अक्का म्हणाल्या, "बठ, भाऊ."

मला बसता आलं नाही.