लुआन मावशींचं उंच टेबल

तुंगशी बंदरावर कालवं सोलणाऱ्या बायका पत्र्याच्या शेडमध्ये गोल करून बसतात. मध्ये कालवांचा ढीग, भोवती वीतभर उंचीची स्टुलं. वाकायचं, कालव उचलायचं, सुरीचं टोक फटीत घालून मनगट फिरवायचं, मांस वाडग्यात टाकायचं. तोंडं अखंड चालू. कुणाची सून काय म्हणाली, माझू देवीची पालखी यंदा कुणाच्या दारात जास्त वेळ थांबली, सगळं त्या ढिगावरूनच फिरतं.

लुआन मावशींचा संसार आता तेवढाच होता. नवरा गेलेला. मुलगा व्हिएतनाममध्ये कारखान्यात, लग्नही तिकडेच. घरात टीव्ही चालू असायचा, त्याच्याकडे पाठ करून मावशी जेवायच्या. "माणसाचा आवाज असावा घरात," म्हणायच्या. शेडवर मात्र सगळ्यांच्या आधी हजर आणि उठायला शेवटच्या.

हिवाळ्यात त्यांची मान आखडली. मग उजव्या हाताची दोन बोटं बधिर व्हायला लागली. हे त्यांनी फक्त मला, शेजारच्या मास्तरणीला, सांगितलं. "शेडवरच्या त्या बाओ-जूच्या कानावर घालू नकोस. उद्या माझ्या स्टुलावर तिची नणंद बसलेली असेल."

मी म्हटलं, "मग यू-त्सेनकडे जा ना."

यू-त्सेन माझी मुलगी. गावाबाहेर मोठ्या रस्त्यावर एक दवाखाना आहे, तिथे ती फिजिओथेरपिस्ट आहे. पहिलीच नोकरी. बोलून गेले, मग लक्षात आलं. म्हातारीचं काही बिनसलं, तर गाव नाव कुणाचं घेणार?

"तुझी पोर गुणाची आहे गं," मावशी म्हणाल्या. "पण ती सांगणार भिंतीला टेका, हनुवटी मागे घ्या. भिंती माझ्या घरीही आहेत. वेंग वस्ताद कसे, एकदा कट्कन मान मोडतात, माणूस हसत उठतो."

वेंग वस्ताद आमच्याकडचे हाडवैद्य. मावशींचे यजमान आणि ते एकाच तालमीतले, सणाला सिंहाचा नाच करायचे. अर्ध्या गावाच्या माना त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत. मला घरात बसवेना, म्हणून मीही मावशींबरोबर गेले.

वस्तादांनी आधी चहा ओतला. "वहिनी, हाताला मुंग्या येतात?"

"नाही."

"बोटं जड पडतात?"

"नाही हो. मान तेवढी मोडून द्या, सकाळी कामाला जायचंय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वस्तादांनी मला हातानेच थांबवलं. मावशींनी कप डाव्या हाताने घेतला होता. तो रिकामा झाल्यावर वस्तादांनी पुन्हा भरला आणि मावशींच्या उजव्या हातात दिला. कप निसटला. वस्तादांनी फडक्याने टेबल पुसलं, सावकाश, कोपऱ्यापर्यंत.

"वहिनी, या मानेला मी हात लावणार नाही."

"घाबरलात?"

"घाबरलो. बोटं बधिर असलेल्या माणसाची मान मी फिरवत नाही. आधी मोठ्या डॉक्टरांना दाखवा, मानेचा फोटो काढा. मग या मास्तरणीच्या पोरीकडे जा."

"म्हणजे तुम्हीसुद्धा," मावशी म्हणाल्या. वस्तादांनी त्यांच्या खांद्यावर नुसता तळहात ठेवला, आणि काढून घेतला.

डॉक्टरांनी सांगितलं, मानेत शीर दबली आहे. यू-त्सेनने शेक, मानेला ताण, व्यायाम सुरू केले. मग सुट्टीच्या दिवशी ती शेडवर आली, एका स्टुलावर बसून मावशींचं काम बघत राहिली.

"आजी, असं वाकून बसणं बंद. कमरेइतकं उंच टेबल करून घ्या, उभ्याने सोला."

"आणि नाही केलं तर?"

"मग सुरीच धरता येणार नाही."

"आम्हालाही एकेक टेबल द्या की, मॅडम," बाओ-जू म्हणाली. "खुर्च्यांवर गाद्या घाला, म्हणजे कालवं स्वतःच उघडतील." सगळ्या हसल्या. ढीग जमिनीवर, बायका जमिनीलगत. उंच टेबलाला जागा होती ती फक्त मागच्या भिंतीशी, नळाजवळ.

मावशी माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. "हात गेला की स्टूल जाणार. हात राखायचा म्हटलं तर स्टूल आधीच जातं. कॉलेजात शिकलीस ना, कर हिशोब."

मी यू-त्सेनला फोन केला. ती म्हणाली, "आई, मान मी बघते. बाकीचं मी कुठून आणू?"

शेवटी टेबल आलं. वसंतापर्यंत बोटांना कालवांचा गारठा पुन्हा कळायला लागला. मान वळायला लागली. पण बोलणं गुडघ्याच्या उंचीवर चालतं, ते भिंतीपर्यंत पोचत नाही, आणि नळ वाहता असतो. खाली हसू फुटलं की मावशी तिथून विचारायच्या, "काय झालं गं?"

"काही नाही मावशी, जुनंच."

परवा मी कालवं आणायला गेले होते. मावशींची टोपली सगळ्यांच्या आधी संपली होती. त्यांनी सुरी धुतली आणि गोलापाशी आल्या. त्यांच्या स्टुलावर बाओ-जूचा थर्मास होता.

"माझ्या जागी याला बसवलंस होय? माझ्यापेक्षा कमी बोलतो म्हणून?"

बाओ-जूने मान वर न करताच थर्मास उचलला. "गरम तरी राहतो तो. बसा."

मावशी बसल्या. सवयीने हात ढिगाकडे गेला, मध्येच थांबला. मग दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले. त्या गोलात रिकाम्या हातांनी कुणी बसत नाही. बायका आपसातच बोलत राहिल्या. मावशी माझ्या मुलीने शिकवल्याप्रमाणे हनुवटी मागे घेऊन ताठ बसून राहिल्या, दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यासारख्या.